गोणीतली डिस्क

डिस्क घ्यायला निघालास ना? मग आधी स्टेपनी काढ, पंक्चरवाल्याकडून तिचा टायर उतरवून घे आणि नुसती डिस्क गोणीत घालून सोबत ने. बाकीचं सगळं विसरलास तरी चालेल, एवढं विसरू नको.

गणपतीला मुंबईहून येताना माणगावच्या अलीकडे तू मारुती 800 खड्ड्यात घातलीस आणि डिस्कची कड मुडपली. त्यात तुझी चूक नाही. पनवेल ते इंदापूर महामार्गाचं काम 2011 ला सुरू झालं, तेव्हा तू शाळेत होतास. पण आता म्हणतोस, चारही काढतो आणि मॅगव्हील टाकतो, ते नको. पत्र्याची डिस्क मुडपली तर बिरवाडीत कोणीही घण घालून कड सरळ करून देतो. मॅगव्हीलने तसाच मार खाल्ला तर ती तडकायची भीती, आणि तडकलेली इथे कोण जोडून देणार? आपल्या तळीये गावात गाडी हौसेसाठी ठेवत नाहीत रे. पावसाळ्यात वरंधा घाट बंद ठेवतात, म्हणजे भोरची वाट संपली. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर महाड गाठायचं, तेही दारातल्या गाडीने. 22 जुलै 2021 ला गावावर दरड आली, त्या रात्री रस्ते पाण्याखाली होते आणि मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्यावर मी जास्त बोलत नाही. गाडी चालू हवी, एवढंच सांगतो.

तर डिस्क. दुकानात जाऊन “800 ची डिस्क आहे का?” असं विचारू नको. तसं विचारलंस की भंगारातली प्रत्येक डिस्क 800 चीच निघते. मारुती 800 जानेवारी 2014 मध्ये बंद झाली. तिच्या डिस्का मिळतात, पण ढिगात कोणाच्या कशात मिसळल्यात ते त्या दुकानदारालाही ठाऊक नसतं. तू नाव विचारू नको, माप घे.

पहिलं माप टायरवरच लिहिलेलं असतं. 145/70 आर 12, यातला शेवटचा 12 म्हणजे बारा इंची डिस्क. हे सगळ्यांना कळतं. फसतात ते भोकांच्या मापात. चार भोकं असली तर समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. भोकाचा मध्य शोधत बसू नको. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत टेप धर, आकडा तोच येतो. 800 ला तो साडेचार इंच, म्हणजे 114.3 मिलिमीटर. ओम्नीलाही तेवढाच. सॅन्ट्रो आणि स्विफ्टला 100 मिलिमीटर, फियाट पॅलिओला 98. पाच भोकांच्या डिस्कला समोरासमोर भोक नसतं, तिथे शेजारच्या दोन भोकांचं अंतर घेऊन 1.7 ने गुणायचं. जीप आणि जिप्सीला 82 मिलिमीटरच्या आसपास भरतं, गुणलं की साडेपाच इंच.

98 आणि 100 मध्ये फरक तो काय, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. मालकाची पॅलिओ चालवायचो तेव्हा एकाने “सगळं सेम आहे काका” म्हणून 100 ची डिस्क गळ्यात मारली. दोन बोल्ट सरळ बसले, उरलेले दोन पान्याला पाइप लावून ओढून बसवले. बसले म्हणून मी खूश. कशेडी घाट उतरताना स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. पोलादपूरला चाक काढून बघतो तर डिस्कची भोकं लांबोडकी झालेली. तेव्हापासून जो बोल्ट हाताने चार आटे फिरत नाही, तो मी पान्याने फिरवत नाही.

तिसरं माप खोलीचं, आणि हे दुकानदार सांगत नाही. तुझी डिस्क आणि त्याची डिस्क शेजारी शेजारी पालथ्या टाक, मागची बाजू वर. कडेवर सरळ पट्टी आडवी ठेव आणि पट्टीपासून खाली, डिस्क जिथे हबला टेकते त्या पत्र्यापर्यंत मोज. दोन्हींचा आकडा एक यायला हवा. कमी भरला तर चाक बाहेर येतं आणि मडगार्डला घासतं. जास्त भरला तर आत जाऊन ब्रेकला, शॉकला लागतं. ओम्नीची डिस्क 800 ला घेतोस तर हे मोजल्याशिवाय खिशात हात घालू नको. मधलं मोठं भोकही मोज. ते लहान असलं तर डिस्क हबवर चढतच नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडला जा, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात. पण आधी नव्या डिस्कचा भाव काढ. व्हील्स इंडिया, स्टील स्ट्रिप्स ह्या कंपन्या पत्र्याच्या डिस्का करतात. जुनीचा भाव नवीच्या निम्म्यावर गेला की मी नवीच घेतो. आणि बिल माग. मुंबईत रात्री उभ्या गाड्यांची चाकं काढून विटांवर ठेवतात, ती कुठे जातात हे तुला सांगायला नको. बसली नाही तर परत घेणार का, तेही पैसे देण्याआधी विचार.

पुरात बुडालेल्या गाडीची डिस्क आहे म्हणून नाक मुरडू नको. पुराने इंजिन आणि वायरिंग जातं, डिस्कला काय, पत्राच तो. मात्र टायर बसतो ती कड बोटाने चाचपून बघ. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने जातो, खड्डे पडले असतील तर हवा धरणार नाही. भोकांच्या भोवती तडा, लांबोडकं भोक किंवा वेल्डिंगचा डाग दिसला की ती खाली ठेव. कितीही स्वस्त असली तरी. ठोकून सरळ केलेली चालते, वेल्ड केलेली नाही. ट्यूबलेस टायर घालायचा असेल तर कडेच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटा गोल फिरलेला हवा. तो नसेल तर मुकाट ट्यूब घाल.

घरी आणलीस की टायर चढवायच्या आधी नुसती डिस्क गाडीला लावून हाताने फिरव. शेजारी खडू धरून बघ, डुलते का ते कळेल. नट मारुतीचेच वापर. ह्युंदाईचे आटे जाड असतात, दोन फेऱ्यांत अडकतात. रंग देशील तर रेड ऑक्साइड आणि वर चंदेरी, पण नट टेकतो तिथे आणि हबला लागतो त्या पत्र्यावर रंगाचा थर नको. तो थर दबतो आणि नट सैल होतात. आवळताना समोरासमोरचे आवळ, गोल फिरत जाऊ नको.

एकदा आवळले म्हणजे झालं असं समजू नको. शिमग्याला येशील तेव्हा पेणला गाडी थांबव, चहा घे आणि पाना काढून चारही चाकांचे नट पुन्हा आवळ. मग पुढे ये.