सीटखालच्या सिलिंडरने शिकवलेलं

ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. वर-खाली होणारी खुर्ची ज्यावर तोलली जाते, त्या गॅस लिफ्टबद्दल अनुभवाने पटलेल्या या गोष्टी.

१. आत काय चालतं ते आधी समजून घ्या. सिलिंडरमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो. लिव्हर ओढला की बटण दाबलं जातं, व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू पिस्टनच्या दोन्ही बाजूंना मोकळा फिरतो. लिव्हर सोडला की व्हॉल्व्ह मिटतो, दोन्ही कप्पे वेगळे होतात आणि सीट तिथेच थांबते. १० मिलिमीटर जाडीच्या दांड्याला १०० बार दाबाने सुमारे ८० किलोचा रेटा मिळतो. एवढी ताकद त्या नळीत कोंडलेली असते.

२. खुर्ची खचू लागली तर आधी लिव्हर पाहा. तो बटणाला सतत टेकत असेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. थोडी फट ठेवली की कधीकधी एवढ्यावरच काम भागतं.

३. लिव्हर ठीक असेल, तर दोष सिलिंडरच्या आत आहे. तो उघडून दुरुस्त करू नका, पूर्ण बदला. जुना सिलिंडर बेसमध्ये घट्ट बसलेला असतो. गंज सोडवणारं तेल आणि पाइप पाना वापरा. भोक पाडणं, कापणं, वेल्डिंग करणं, तापवणं कधीच नाही. भंगारात देतानाही आत दाब आहे हे सांगा.

४. सिलिंडरच्या वर-खाली सरकणाऱ्या भागावर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवला की खचणं थांबतं, पण उंची एकाच माणसाची होते. तीन पाळ्यांत तीन माणसं वापरतात त्या खुर्चीवर हा अन्याय आहे.

५. नवा सिलिंडर मापाने घ्या: बंद आणि उघडी उंची, बाहेरचा व्यास. जड माणसासाठी जर्मन मानक डीआयएन ४५५० चा वर्ग ४ मागा.

६. पाठ झुकवणाऱ्या गॅस स्प्रिंगची निवड वेगळी. वायू दाबला जातो, म्हणून वायूवर लॉक होणारी स्प्रिंग किंचित लवते. आरामखुर्चीच्या पाठीला ते सुखाचं. तेल जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून तेलावर लॉक होणारी ठाम राहते. दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलाला तीच हवी.

७. शेवटी गिऱ्हाइकाला बसवून उंची लावून द्या: तळपाय जमिनीवर सपाट, मांडीखाली सीटची कड रुतत नाही, खांदे सैल. कित्येकांनी तो लिव्हर कधी वापरलेलाच नसतो. तो वापरायला शिकवणं हाही दुरुस्तीचाच भाग आहे.