औषधाच्या खिडकीत एकटं बसू नका

डी.फार्मच्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपली की एक सल्ला हमखास मिळतो, 'घरी बसून काय करणार? जवळच्या पीएचसीत जा, हात बसेल.' सल्ला चांगलाच आहे. मीही गेले होते, आणि आज काउंटरवर गिऱ्हाइकाशी जे बोलते त्यातलं निम्मं तिथेच शिकले. तरी आता कुणी जायला निघालं की मी आधी बजावते: औषधाच्या खिडकीत एकटं बसायचं नाही, हे पहिल्या दिवशीच सांगून टाका.

प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे पीएचसीत, माणसं कायम कमी. औषध निर्माण अधिकारी बहुधा एकच, आणि त्यांनाही कधी साठा आणायला तर कधी बैठकीला तालुक्याला जावं लागतं. ओपीडीची रांग मात्र थांबत नाही. मग कुणीतरी म्हणतं, 'अगं, तू फार्मसीवालीच ना? दे की गोळ्या.' म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आमच्यातला एक मुलगा असाच बसवला गेला. केसपेपरवरच्या घाईच्या अक्षरात 'मेट' एवढंच लागत होतं. मधुमेहाच्या एका काकांना मेटफॉर्मिनऐवजी मेट्रोनिडाझोल गेलं. काकांना आपली गोळी ओळखीची होती, ते एसटीच्या थांब्यावरूनच परत आले, म्हणून निभावलं. खुलासा मात्र बैठकीला गेलेल्या साहेबांना द्यावा लागला. मुलाचं नाव केंद्रातल्या कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याला रागवायचं तरी कुणी आणि कुठल्या नात्यानं?

१९४८ च्या फार्मसी कायद्यातलं ४२ वं कलम आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला देऊ शकतो, शिकाऊ पोरगी नाही. फार्मासिस्ट शेजारी उभे असतील, प्रत्येक पाकीट बघत असतील, तर त्यांच्या हाताखाली काढून द्यायला हरकत नाही. ते उठले की आपणही उठायचं. 'सर येईपर्यंत मी केसपेपर लावून ठेवते' एवढं म्हटलं तरी पुरतं. भांडायची गरज पडत नाही.

दुसरा घोळ तासांचा. डिप्लोमाला ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण लागतं, ते किमान तीन महिन्यांत पसरलेलं हवं. पण ते दुसऱ्या वर्षानंतरचं, कॉलेजमार्फत आणि मान्य ठिकाणीच. सुट्टीतली सेवा त्यात धरतील या आशेवर काही जण राबतात आणि नंतर चिडतात. धरत नाहीत. ज्याला फक्त सही-शिक्का हवा, त्यानं सुट्टीत आंबे खावेत.

शिकायचं असेल तर स्टोअरमध्ये जा. कुणाला तिथे जायचं नसतं, म्हणून तुमचं स्वागत होईल. ज्याची मुदत आधी संपते तो खोका पुढे, हे पुस्तकातलं वाक्य खोके हलवून पाठ दुखली की डोक्यात बसतं. ई-औषधी या साठ्याच्या संगणकी नोंदीतला आकडा आणि कपाटातल्या स्ट्रिपा जुळवून बघा. लसीच्या फ्रिजचं, म्हणजे आयएलआरचं, तापमान दिवसातून दोनदा लिहितात, ते २ ते ८ अंशांतच का हवं, हे सिस्टरांना विचारा. त्या ज्या तळमळीनं सांगतात तसं आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नाही.

आणि खरं शिक्षण खिडकीच्या बाहेर, बाकड्यावर. औषध घेऊन आलेल्या आजींच्या शेजारी बसा आणि विचारा, 'आता घरी गेल्यावर कशी घेणार?' उत्तरं ऐकून झोप उडेल. ओआरएसची पुडी चिमूट-चिमूट करून पेल्यात टाकणाऱ्या आया मला कितीतरी भेटल्या. मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात एकदमच घालायची असते. जुलाब थांबले की झिंक बंद, वास्तविक ते १४ दिवस द्यायचं. लोहाची गोळी चहाबरोबर. बीपीची गोळी 'डोकं दुखलं तरच'. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य-चंद्र काढायची पद्धत आहे, पण आजींना चंद्र म्हणजे रात्र की संध्याकाळ, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावं लागतं. गोळी कोणती, हे तुम्ही ठरवायचं नाही. शंका आली की त्यांना घेऊन परत खिडकीशी किंवा डॉक्टरांकडे जायचं. केसपेपरचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा नाही, अक्षर कितीही मजेशीर असलं तरी.

शेवटचं, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी करायचं. कचऱ्यातल्या सुईला हात लागायला वेळ लागत नाही, म्हणून हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का ते घरी विचारा. नसेल तर तीन डोस असतात: पहिला, महिन्याभरानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे उन्हाळ्यात जायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास सुरुवात हवी.