साष्टीची प्रदक्षिणा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या, त्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी हे असते की आपण एका बेटावर राहतो. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस उल्हास नदी व वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची आणि दक्षिणेस माहीमची खाडी अशा चतुःसीमा लाभलेले, १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेलेले, १७३७ मध्ये मराठ्यांनी सोडविलेले आणि १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला पडताच इंग्रजांच्या हाती लागलेले हे साष्टी बेट आज रेल्वे स्थानकांच्या नावांखाली दिसेनासे झाले आहे. त्याच्या काठाकाठाने एक फेरी घालावी, ही इच्छा मी पुष्कळ वर्षे मनात बाळगली होती, आणि मुलुंडच्या आमच्या शेजारमंडळींसह ती पुरी केली तेव्हा जे अनुभवास आले ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नमूद करतो.

आमच्यापैकी काही दुचाकीवर होते आणि वडीलधारी मंडळी मोटारीत. मार्व्याच्या धक्क्यावर आम्ही पोहोचलो ती ऐन ओहोटीची वेळ होती; खाडीचे पात्र आक्रसलेले, दोन्ही काठांना चिखल उघडा पडलेला, आणि मोटार चढवून घेण्यासारखे जलयान त्या वेळी तेथे नव्हते. लहान तरीतून दुचाकी तेवढ्या मनोरीला उतरल्या आणि मोटारीस मालाड, बोरिवली, दहिसर, भाईंदर असा सारा वळसा घालून उत्तनला यावे लागले. पुन्हा एकत्र येईपर्यंत दिवस कलला, आणि पुढे जो घोडबंदरचा रस्ता डोळे भरून पाहावयाचा होता तो आम्ही अंधारात, न्हावा-शेव्याहून गुजरातेकडे जाणाऱ्या अवजड कंटेनरांच्या रांगेत अडकून, गायमुखच्या चढावर इंचाइंचाने पार केला. बरोबरच्या वृद्धांची जी तारांबळ झाली ती आजही आठवते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की या प्रवासाचा बेत पंचांग समोर ठेवून आखावा. किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. हा हिशेब स्थूल आहे, मुंबईच्या किनाऱ्यावर भरती त्याहून बरीच पुढे सरकते, आणि नेमकी वेळ छापील तक्त्यावरूनच घ्यावी. परंतु कोणत्या आठवड्यात निघावे हे ठरविण्यास तो पुरेसा आहे. दशमी ते द्वादशीच्या सुमारास सकाळच्या प्रहरी खाडी भरलेली मिळते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती जितकी चढते तितकीच ओहोटीही खोल जाते, दोहोंतील अंतर चार मीटरांहून अधिक होते, आणि धक्क्यावरची चढउतार वृद्धांस व मुलांस अवघड जाते. पावसाळ्यात वेसाव्याहून मढला जाणारी तर बंद ठेवतात, यास्तव कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळच योग्य.

दुसरी गोष्ट दिशेची. बेट उजव्या हातास ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्याच रीतीने फिरावे. आपली रहदारी डाव्या अंगाने चालते, त्यामुळे वांद्र्याहून उत्तरेकडे निघालेल्यास जेथे जेथे पाणी दिसेल तेथे ते डावीकडे, आपल्याच कडेला राहते. शिवाय पश्चिम किनारा सकाळी निवांत असतो आणि घोडबंदर दुपारीच ओलांडता येते. सगळे अंतर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर भरते. तथापि त्यास पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा सबंध दिवस द्यावा. मोटार न्यायची असल्यास कोणत्या धक्क्यावरून ती पार होते याची चौकशी आदल्या दिवशी करावी, आणि तशी सोय नसेल तर मढ-मार्वे पाहून परत फिरावे व मनोरी, गोराई, उत्तन भाईंदरच्या बाजूने पाहावे.

या साऱ्या वाटेवर मला अत्यंत प्रिय असा भाग मनोरी ते उत्तन हाच. एकेकाळी निराळे असलेले हे धारावी बेट. बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील, ताडांच्या रांगा, क्रूस आणि लहान चर्चे, आणि वसईच्या मोहिमेत ज्याच्यासाठी निकराची झुंज झाली त्या धारावी किल्ल्याचे अवशेष. येथे घाई करू नये. गावकऱ्यांच्या मासळीच्या खळ्यांतून वाहने घालू नयेत. ते त्यांचे उपजीविकेचे स्थान आहे, आणि त्याची छायाचित्रे घेण्यापूर्वी विचारणे हा साधा शिष्टाचार आहे. त्याआधी लागणाऱ्या, मढ-मार्व्याच्या वाटेवरील अक्सा येथे मात्र मुलांस पाण्यात मुळीच उतरू देऊ नये. त्या पुळणीने आजवर पुष्कळ बळी घेतले आहेत. वाळूचा तळ बदलतो, ओढ फसवी आहे, आणि जीवरक्षकांचे शब्द धुडकावणाऱ्यांच्या घरी जे दुःख आले ते सांगवत नाही.

ठाणे ओलांडून मुलुंड चेकनाक्यापाशी आलो की पुष्कळांची निराशा होते, कारण पूर्व किनाऱ्याला समुद्रकाठचा रस्ताच नाही. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पूर्वेस द्रुतगती मार्ग आणि खाडी यांच्यामध्ये मिठागरे व तिवरांचे दाट रान आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे असे मला मनःपूर्वक वाटते. या तिवरांनीच खाडीचा काठ धरून ठेवला आहे, आणि तिच्या चिखलावरच हजारो रोहित पक्षी पोसले जातात. २०१५ मध्ये ठाणे खाडीस रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत तिची नोंद झाली. हा काठ धावत्या गाडीतून दिसत नाही. त्यासाठी हिवाळ्यातील एक सकाळ निराळी राखावी, खाडीपलीकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात जावे, तेथून सुटणाऱ्या होडीची वेळ भरतीप्रमाणे बदलते ती आधी विचारून जागा नोंदवावी, दुर्बीण आणि प्यायचे पाणी जवळ ठेवावे, आणि बरोबरच्या मुलांना होडीतून पश्चिमेकडे, तिवरांच्या पलीकडे उभ्या असलेल्या भांडुप-मुलुंडच्या इमारती दाखवाव्यात.