‘मारणे’ या क्रियापदाचे इंग्रजी पर्याय

मराठीत ‘मारणे’ हे एकच क्रियापद पुष्कळ कामे करते. त्यापूर्वी चापट, लाथ, ठोसा अशी नामे आली की माराचा प्रकार कळतो. इंग्रजीत त्यांसाठी स्लॅप, किक, पंच अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत. शब्दार्थांच्या वहीत सर्वांपुढे ‘मारणे’ एवढेच लिहिल्यास विद्यार्थी गोंधळतो.

हिट म्हणजे बहुधा एक आघात; बीट म्हणजे पुनःपुन्हा मारणे. ‘ही हिट मी’ म्हणणारा मुलगा एका फटक्याची तक्रार करतो. ‘ही बीट मी’ म्हटल्यास ती मारहाणीची तक्रार ठरते आणि खेळाच्या संदर्भात ‘त्याने मला हरविले’ असा अर्थ होतो. एका शब्दाने आरोप बदलतो. म्हणून हा भेद शिकविणे अगत्याचे आहे.

स्ट्राइकचा विस्तार याहून मोठा. घड्याळाचे ठोके पडणे, वीज कोसळणे, आगकाडी ओढणे, कल्पना सुचणे, हे सर्व त्यात येते. शिडे उतरविण्यासही हाच शब्द आहे. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून काम थांबविले. त्यावरून ‘संप’ हा अर्थ रूढ झाला.

तरी शिक्षकांनी शब्द सुटा न देता वाक्यात द्यावा. पुढील वाक्ये फळ्यावर लिहून योग्य इंग्रजी क्रियापद निवडण्यास सांगावे:

१. घड्याळात चाराचे ठोके पडले.
२. चेंडू खिडकीवर आदळला.
३. घोड्याने लाथ मारली.
४. तो ढोल बडवीत आहे.

उत्तराबरोबर कारणही विचारावे.