नाक वर, विमान खाली

प्रश्न : शाळेतल्या मुलांसोबत थर्माकोलचं रिमोटचं विमान बनवलं. पंख ८० सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद. हातातून सोडलं की नाक वर करतं आणि शेपटीवर कोसळतं. मोठी मोटर लावू का?
– एक शिक्षक, हरसूल

उत्तर : मोटर बदलू नका. दोष ताकदीचा नाही, तोलाचा आहे. तुमचं विमान शेपटीकडे जड झालंय. पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेचार ते पाच सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना खूण करा आणि तिथे बोटांवर विमान तोला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. झुकत नसेल तर बॅटरी पुढे सरकवा. शिसं चिकटवणं हा शेवटचा उपाय. मग मोटर बंद ठेवून गवतावर हलकेच सोडून पाहा. सरळ तरंगत उतरलं, तरच मोटर चालू करा.

वजन शेपटीतच कमी करा, कारण तिथल्या एका ग्रॅमसाठी नाकात दोन-तीन ग्रॅम वाढतात. फेविक्विकने थर्माकोल विरघळतो, पांढरा फेविकॉल वापरा. पंखाच्या कण्याला तुमच्याकडच्या बांबूची बारीक कामटी उत्तम. कार्बन रॉड मागवायची गरजच नाही.

एकूण वजन २५० ग्रॅमच्या आत ठेवा. २०२१ च्या ड्रोन नियमांत हा ‘नॅनो’ गट आहे, त्याला पायलट परवाना लागत नाही. तरी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या पट्ट्यात आहे ना, ते आधी पाहा. भातकापणीनंतरची मोकळी खाचरं आणि सकाळची शांत हवा निवडा. फिरत्या पंख्याच्या रेषेत मुलांना उभं करू नका.