शिकारी कुत्रीची पिल्ले द्यावीत कुणाला?

प्रश्न : आमच्याकडे लातूरच्या पाहुण्यांनी दिलेली कारवानी कुत्री आहे, दोन वर्षांची. इकडे असं कुत्रं सहसा दिसत नाही, त्यामुळे ती गाभण राहण्याआधीच पिल्लं मागणारे सहा-सात जण झालेत. कुणाला रानडुकरं हाकायला हवंय, कुणाला सशामागे सोडायला, कुणाला नुसतं दारात. मोबाईलवर पाहिलं की जर्मनी-अमेरिकेत शिकारी कुत्र्यांचे ब्रीडर पक्क्या शिकाऱ्यालाच पिल्लू देतात, हौशी माणसाला नाही. आपणही तसंच करावं का? आणि शिकार मिळाली नाही तर असं कुत्रं बिघडतं म्हणतात, ते खरं का?
– एक शेतकरी वाचक, जिवती

उत्तर : मागणारे दारात उभे असताना तुम्ही आधी विचार करताय, ही फार चांगली गोष्ट आहे. प्रश्न एक दिसला तरी त्यात तीन आहेत. परदेशात तसे का करतात, ते इथे चालेल का, आणि चालत नसेल तर या कुत्र्याच्या अंगातल्या धावेचे करायचे काय?

तुम्ही पाहिलेली कुत्री बहुधा ड्राटहार किंवा कुर्ट्‌झहार जातीची असावीत. त्यांना बहुगुणी शिकारी कुत्री म्हणतात, कारण एकच कुत्रे अनेक कामे करते. वासावरून पक्षी हुडकते, तो सापडला की जागच्या जागी थिजून धन्याला दाखवते, बंदूक झाडल्यावर पडलेला पक्षी पाण्यातूनही आणून देते आणि जखमी जनावराचा माग रक्तावरून काढते. जर्मनीत अशा कुत्र्यांच्या संस्थांचा महासंघ १८९९ पासून आहे. ड्राटहारच्या आईबापांनी मैदानातल्या परीक्षा दिल्याशिवाय आणि खुब्याच्या हाडांची तपासणी झाल्याशिवाय त्यांची जोडी लावत नाहीत. अमेरिका-कॅनडातही १९६९ पासून अशीच संस्था असून ती लहान कुत्र्यांचे नाक, पाण्यातले धाडस आणि धन्याशी जुळवून घेण्याची वृत्ती तपासते.

मग पिल्लू शिकाऱ्यालाच का? दिवसभर राबण्यासाठी पैदा केलेले कुत्रे फ्लॅटमध्ये कोंडले तर ते आणि माणसे दोघेही हैराण होतात, हे एक कारण सगळ्यांना कळते. दुसरे सहसा लक्षात येत नाही. शिकाऱ्याकडे गेलेले पिल्लू परीक्षेला बसते आणि त्याचे गुणदोष ब्रीडरला कळतात. एका विणीतली सगळी भावंडे कशी निघाली हे पाहूनच तो पुढची जोडी ठरवतो. पिल्ले घरोघरी नुसती दारात बसली, तर आपण काय पैदा केले हेच त्याला समजणार नाही. शिवाय जर्मनीत शिकारी म्हणजे परीक्षा देऊन परवाना मिळवलेला माणूस. जखमी जनावर तडफडत राहू नये म्हणून शिकवलेले कुत्रे हाताशी असावे, अशी तिथल्या कायद्याची अपेक्षा असते.

आता आपल्या कारवानीकडे वळू. ती त्या जातकुळीतली नाही. ती वासावर नव्हे, नजरेवर शिकार करते. खोल छाती, आवळलेले पोट, लांब पाय आणि अरुंद डोके ही सगळी ठेवण उघड्या माळावर वेगाने धावून सावज गाठण्यासाठी आहे. बहुगुणी कुत्रे सावज दाखवते आणि मारण्याचे काम बंदूक करते. कारवानीच्या बाबतीत मारणारे कुत्रेच असते. पुढचा बराचसा उलगडा या एका फरकातून होतो.

पहिले म्हणजे, लातूर-सोलापूरकडचा मोकळा माळ वेगळा आणि तुमच्याकडच्या माणिकगडच्या डोंगरातली झाडी वेगळी. झाडीत दहा पावलांवर नजर अडते. सावजामागे सुटलेले कुत्रे खोडाला, काटेरी तारेला धडकते, वाट चुकते किंवा बिबट्याच्या तोंडी जाते. रानडुकरांसाठी मागणाऱ्यांनाही हेच सांगा. कारवानीचे कातडे पातळ, अंगावर चरबी नाही. उलटलेल्या डुकराचा एक सुळा तिचे पोट फाडायला पुरतो. डुकरांना भिडेल असे हे कुत्रे नाही, त्याला त्या कामाला लावणे म्हणजे त्याला मरायला पाठवणे आहे.

दुसरे कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे सर्वांना माहीत असते. पण ‘कुत्र्याने ससा मारला, मी थोडाच मारला’ अशी समजूत अजून ऐकू येते. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, कुत्रे मागे लावून धरणे, सापळा लावणे, हाकारणे हे सगळे येते. यांपैकी कशाचा नुसता प्रयत्नही गुन्हा आहे. सशामागे कुत्रे सोडणारा माणूस ससा निसटला तरी सुटत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षे कैद अशी आहे.

आपल्या भागात कोलाम आणि गोंड समाजात पारधीची जुनी रीत होती, म्हणून वनहक्क कायद्याचा आधार मिळेल असे काहींना वाटते. तेही खरे नाही. २००६ च्या त्या कायद्याने परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि फासे लावण्याचा हक्क त्याच कलमात स्पष्ट शब्दांत वगळला. पिकांचे नुकसान होते, ते दुःख खरेच आहे. त्यासाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. पीक खाणाऱ्या जनावराला मारायची वेळ आलीच, तर त्याला अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. स्वतःच्या मर्जीने कुत्री सोडणे त्यात बसत नाही.

म्हणजे पिल्लू ज्याच्या हाती विश्वासाने द्यावे असा परवानाधारक शिकारी आपल्याकडे नाहीच. मात्र परदेशी ब्रीडरचे तत्त्व इथेही लागू पडते : कुत्र्याच्या अंगात जे आहे त्याला वाव देणारे घर शोधा, आणि ते घर मिळेपर्यंत वीण घेऊ नका. शेजारच्या कर्नाटकात असा वाव मिळवून दिला गेला आहे. मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने जोपासलेला मुधोळ हाउंड हा कारवानीचाच अगदी जवळचा भाऊबंद. २००५ मध्ये त्याचे टपाल तिकीट निघाले. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्यासाठी संशोधन केंद्र उभे राहिले आणि तिथली पिल्ले २०१६ मध्ये मेरठला लष्कराच्या श्वानकेंद्रात शिकायला गेली. सावजामागे धावणाऱ्या कुत्र्याला पहाऱ्याचे काम मिळाले. वनखात्यातही शिकाऱ्यांना पकडण्यासाठी वास घेणारी कुत्री आहेत. ती मात्र जर्मन शेफर्डसारख्या जातींची असतात.

शिकार मिळाली नाही की कुत्रे बिघडते का? नाही. पाठलागाची ओढ उपजत असते, पण कुत्र्याला लागते ती धाव, सावज नव्हे. दिवसभर साखळीला बांधलेली कारवानी दोर तोडते, सुटली की शेळ्या-कोंबड्यांच्या मागे लागते, आणि लोक म्हणतात शिकार नाही म्हणून बिघडली. खरे कारण कोंडणे हे असते. सकाळ-संध्याकाळ कुंपणाच्या आत मनसोक्त धावू द्या. हाक मारली की परत येण्याची सवय लहानपणीच लावा. पिल्लू तीन महिन्यांचे होण्याआधी त्याला शेळ्या, कोंबड्या, पाहुणे, मोटारसायकल हे सगळे दाखवून घ्या. त्या वयात जे ओळखीचे होते, त्याला ते पुढे सहसा बुजत नाही. रक्ताची चव लागली की कुत्रे पिसाळते ही समजूतही सोडून द्या. पिसाळण्याचे कारण रेबीजचा विषाणू आहे, चव नव्हे. मात्र प्रत्येक यशस्वी पाठलागाने ती सवय पक्की होते, हे खरे.

आता तुमच्या कुत्रीविषयी. एक तरी वीण झाली नाही तर कुत्री आजारी पडते, असे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यात तथ्य नाही. उलट नसबंदी केलेल्या कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळपास राहत नाही. तरीही वीण घ्यायचीच असेल आणि पिल्ले विकणार असाल, तर २०१७ चे श्वानपैदास नियम लागू होतात. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. कुत्री किमान १८ महिन्यांची आणि पशुवैद्याने निरोगी ठरवलेली हवी. वर्षाला एकच वीण, सलग दोन माजांना नाही, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचे नाही.

तुमच्या इथली खरी अडचण नराची आहे. आसपास दुसरी कारवानी नसली की लोक पुढच्या पिढीत मुलगाच आईला लावतात किंवा भावंडांची जोडी जुळवतात. नियमांत त्याला मनाई आहेच, पण नियम नसता तरी दोष वाढून पिल्ले अधू निघतात. नात्याबाहेरचा नर लातूरकडेच शोधावा लागेल, आणि त्याचे आईबाप कोण हे विचारून घ्यावे लागेल. गावातल्या कुत्र्याशी जोडी झाली तर पिल्ले चांगली निघू शकतात, फक्त ती कारवानी म्हणून देऊ नका.

लसीकरणात मात्र जराही कसूर नको. तुमचे रान ताडोबा आणि तेलंगणातील कवाल या दोन व्याघ्रप्रकल्पांच्या मधल्या पट्ट्यात आहे आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग वाघ-सिंहांनाही होतो. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या अनेकांत हाच विषाणू सापडला. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होची लस सुरू करा, सोळा आठवड्यांपर्यंत ती ठरल्या अंतराने पूर्ण करा आणि तीन महिन्यांनी रेबीजची द्या.

मागणाऱ्यांच्या यादीतून सशावाल्याला आणि डुकरांवाल्याला आजच नम्रपणे नाही म्हणा. उरलेल्यांना विचारा की कुंपण आहे का, रोज धाव देणारे घरात कोण आहे, लसीचा खर्च झेपेल का, आणि हंगामात घर बंद ठेवून बाहेर जावे लागले तर कुत्र्याचे काय. उत्तरे पटली तरी कागदावर लिहून घ्या : सांभाळता आले नाही तर कुत्रे सोडून द्यायचे नाही, तुमच्याकडेच परत आणायचे. कारवानीच्या विणीत सात-आठ पिल्लेही होऊ शकतात. तेवढी घरे मिळाली नाहीत, तर या खेपेला जोडी लावू नका. कुत्री माजावर आली की सुमारे तीन आठवडे तिला बंद जागेत ठेवा आणि त्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून नसबंदीविषयी विचारून घ्या.