कटिंग मशीनच्या पॅनलविषयी

परळ, मुंबई

चि. ओंकार,

लोअर परळच्या गाळ्यात छापखान्याच्या पेपर कटिंग मशीनचं पॅनल नव्याने बांधायचं काम तू घेतलंस, याचा आनंद आहे. मालकांनी एस्टिमेटमधली सर्ज प्रोटेक्शनची ओळ खोडली आहे आणि ‘कायद्यात सक्ती कुठे आहे ते दाखवा’ असं ते म्हणतात, हे तू कळवलंस. माझं मत आधीच सांगतो. ती ओळ सोडू नकोस. हवं तर मजुरीत सवलत दे, पण एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, बसवल्याशिवाय त्या मशीनला सप्लाय जोडू नकोस. ड्राइव्ह जळेल, पीएलसी जाईल, काम चार दिवस बंद पडेल, ही कारणं खरी असली तरी माझ्या लेखी ती दुय्यम आहेत. त्या सुरीखाली दिवसभर एका कामगाराचे हात जात-येत असतात, आणि ते हात आज कशाच्या भरवशावर सुरक्षित आहेत, याचा विचार तुला करायचा आहे.

१९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ने यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम आडोसा मागितला, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ लोखंडी जाळी किंवा झाकण असा होता. व्होल्टेज कितीही वर गेलं तरी जाळी जागची हलत नाही. आजच्या कटिंग मशीनवर त्या जाळीचं काम दोन हातांनी दाबायची बटणं, प्रकाशाचा पडदा आणि सेफ्टी रिले करतात. म्हणजे आडोसाच इलेक्ट्रॉनिक झाला आहे. तो भरवशाचा असावा म्हणून त्याला दोन चॅनल देतात. एक बिघडला तर दुसरा मशीन थांबवतो आणि पहिला दुरुस्त होईपर्यंत पुन्हा सुरू होऊ देत नाही. या सगळ्या रचनेचा पाया एका गृहीतकावर आहे: दोन्ही चॅनल एकाच वेळी, एकाच कारणाने बिघडणार नाहीत. सर्ज नेमकं हेच गृहीतक मोडतो. दोन्ही चॅनल त्याच पॅनलमधल्या त्याच पॉवर सप्लायवर पोसलेले असतात, त्यामुळे तारेवरून आलेली लाट दोघांनाही त्याच क्षणी गाठते. दर वेळी धोका होईल असं नाही. बहुतेकदा मशीन नुसतं बंद पडेल. पण ‘बहुतेकदा’ या शब्दावर कुणाची बोटं ठेवायची नसतात. आयएसओ १३८४९-१ या मानकाच्या एका परिशिष्टात अशा सामाईक बिघाडाविरुद्धच्या उपायांना गुण देतात आणि किमान ६५ गुण लागतात. त्यातले १५ गुण अतिव्होल्टेज, अतिदाब यांसारख्या गोष्टींपासून संरक्षणाचे आहेत. सेफ्टी रिलेच्या डब्यावरची श्रेणी वाचून निश्चिंत होणाऱ्यांनी हे परिशिष्ट जरूर वाचावं.

आता सक्तीचं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने २०१७च्या आवृत्तीत कलम ६७०.६ घालून, सेफ्टी इंटरलॉक असलेल्या औद्योगिक यंत्रांना सर्ज संरक्षण बंधनकारक केलं. यंत्र किती महागाचं आहे हे त्यांनी विचारलं नाही, इंटरलॉक आहे का एवढंच विचारलं. हा कोड आपल्याला लागू नाही, हे मालकांना प्रामाणिकपणे सांग. आपल्याकडे चित्र थोडं पसरट आहे. यंत्रांच्या विद्युत साधनांचं मानक आयईसी ६०२०४-१ एसपीडी ‘बसवता येतील’ एवढंच म्हणतं. बसवलीच तर आकाशातल्या विजेच्या सर्जसाठीची एसपीडी येणाऱ्या सप्लायच्या मुख्य स्विचच्या टर्मिनलांवर जोडा, असं मात्र स्पष्ट बजावतं. इमारतीच्या वायरिंगचं मानक पुढे जातं. आयईसी ६०३६४च्या अतिव्होल्टेजविषयक भागात, २०१५च्या दुरुस्तीपासून, जिथे परिणाम मानवी जीविताच्या काळजीवर किंवा व्यापारी-औद्योगिक कामकाजावर होतो तिथे संरक्षण द्यावंच, अशी भाषा आहे. आपलं आयएस ७३२ हे मानक २०१९मध्ये नव्याने आलं ते याच मालिकेच्या वाटेने. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३चे सुरक्षा विनियमही भारतीय मानकांकडेच बोट दाखवतात. त्यामुळे एका कलमाचा आकडा मागणाऱ्या मालकांना तू एका ओळीत उत्तर देऊ शकणार नाहीस. पण मानकांचा रोख कुठे आहे हे दाखवू शकशील, आणि उद्या अपघात झाला तर चौकशीत तो रोखच तुझ्यासमोर ठेवला जाईल.

मालकांचा दुसरा मुद्दा जास्त पटण्यासारखा वाटतो: आपल्याकडे बेस्टचे केबल जमिनीखालून येतात, गाळ्यावर वीज पडणार कशी? पण आकाशातली वीज हा सर्जचा एक उगम झाला. रोजचे उगम इमारतीच्या आतच असतात. लिफ्टची मोटर बंद होते, शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं, पॉवर फॅक्टरच्या पॅनलमधली कपॅसिटर बँक आत-बाहेर होते, एखाद्या कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते. प्रत्येक वेळी तारेवर उसळी येते. १९१५मध्ये खोपोलीची जलविद्युत परळच्या गिरण्यांपर्यंत आली तेव्हा तिच्यावर चालणारी यंत्रं म्हणजे जाड इन्सुलेशनच्या अवजड मोटरी होत्या, त्यांना अशा उसळ्या सोसत. आज त्याच गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत, त्यांत लिफ्ट, चिलर आणि ड्राइव्ह ठासून भरलेले आहेत, आणि मधल्या जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटींतली यंत्रं नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालतात. शेजारच्या टॉवरच्या तडितरक्षकावर वीज पडली तर तिचं चुंबकीय क्षेत्र तुझ्या गाळ्यातल्या तारांमध्येही व्होल्टेज उठवतं. केबल जमिनीखाली असल्याने ते टळत नाही. २३०/४०० व्होल्टच्या सप्लायवर वितरण बोर्डातल्या सामानाने ४ किलोव्होल्टचा आघात सोसावा, नेहमीच्या उपकरणांनी अडीच, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्सने दीड, अशी वर्गवारी आहे. तुझ्या पॅनलमध्ये हे तिन्ही वर्ग एका दाराआड बसतात.

एसपीडी घ्यायला लोहार चाळीत गेलास की भाव नंतर विचार, आधी लेबल वाच. आयईसी ६१६४३-११ची चाचणी, टाइप, अखंड सोसायचं व्होल्टेज, आणि सगळ्यात महत्त्वाचं ‘यूपी’, म्हणजे सर्ज येताना ती किती व्होल्ट पलीकडे जाऊ देते तो आकडा. पण खरी परीक्षा पॅनलमध्ये असते. साध्या तारेचं इंडक्टन्स मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री धर. सर्जचा करंट मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर या वेगाने चढला, तर त्या एक मीटर तारेवरच हजार व्होल्ट पडतात आणि ते ‘यूपी’त मिळवले जातात. दीड किलोव्होल्टची एसपीडी मीटरभर तारेने जोडलीस तर मशीनला अडीच दिसतील. म्हणून फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थ बारपर्यंत मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची. आपल्या लोकांना सुबक ड्रेसिंगचा अभिमान असतो, आणि तो असावाच. डक्टमधून काटकोनात नेलेल्या तारा, पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला वळसा. एसपीडीपुरता तो मोह सोड. तिथे तार आखूड, सरळ आणि थोडी उघडी दिसली तरी चालेल. मुख्य बोर्ड मशीनपासून दहा मीटरपेक्षा लांब असेल तर तिथल्या एसपीडीवर भिस्त ठेवू नकोस, मशीनच्या पॅनलमध्ये वेगळी दे. लाट मधल्या तारेच्या टोकांवर आदळून मशीनच्या टोकाशी दुप्पट होऊ शकते.

‘एसपीडी स्वतःच मरते, मग भरवसा कसला?’ हा आक्षेप मला मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर प्रत्येक सर्जबरोबर झिजतो आणि एक दिवस खिडकीतली हिरवी खूण लाल होते. पॅनलचं दार बंद असल्याने ती कुणी पाहत नाही. म्हणून सिग्नलचा कॉन्टॅक्ट असलेली एसपीडी घे आणि तो दारावरच्या दिव्याला जोड. त्याहून गंभीर मर्यादा न्यूट्रलची आहे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर एका फेजवर जवळजवळ ४०० व्होल्ट येऊन तिथेच टिकतात. एसपीडी मायक्रोसेकंदांसाठी बनलेली असते. मिनिटभराचं अतिव्होल्टेज तिला जाळतं. त्यासाठी बॅकअप फ्यूज, फेज-न्यूट्रलवर नजर ठेवणारा रिले आणि आधी अर्थिंगची मोजणी, हे सगळं त्याच एस्टिमेटमध्ये असायला हवं. अर्थिंगच कच्चं असेल तर लाट वळवायची कुठे?

१२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली आणि काही तासांनी टप्प्याटप्प्याने परतली, ते तुला आठवत असेल. वीज परतते तेव्हा यंत्र आपणहून सुरू होता कामा नये, ही आयईसी ६०२०४-१ची अट आहे. हस्तांतराच्या दिवशी मालकांसमोर मुख्य स्विच पाडून पुन्हा चढव आणि मशीन स्वस्थ राहतं का ते दाखव. मग एसपीडी कुठे आहे, लाल खूण दिसली तर कुणाला कळवायचं आणि सेफ्टी सर्किट केव्हा तपासायचं, हे मराठीत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. मशीन चालवणाऱ्या कामगारालाही ते वाचून दाखव. मालक तरीही ओळ खोडतच असतील, तर तुझी हरकत लेखी दे आणि त्यांची सही घे. तीही मिळाली नाही तर काम परत कर.

तुझा,
नानाकाका